एकवीस अंशांचं ऊन

१८ नोव्हेंबर २०२४

मिनलने ही डायरी दिली. तिच्या ऑफिसात वाटलेली, कव्हरवर कंपनीचं नाव, आत कोरी पानं. "बाबा, आईवर खेकसण्यापेक्षा यात लिहीत जा," म्हणाली. मी खेकसत नाही. माझा आवाजच तसा आहे. चौतीस वर्षं खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरशेजारी काढली. तिथे हळू बोलणाऱ्याला लोक मुका समजतात.

लिहायची सवय मात्र आहे. कंट्रोल रूममध्ये दर तासाला मीटर वाचायचे आणि लॉगबुकात उतरवायचे. दाब, तापमान, पाण्याची पातळी. साहेब काहीही म्हणोत, युनियनवाले काहीही म्हणोत, मी म्हणायचो, मीटर काय म्हणतो ते सांगा. मीटर खोटं बोलत नाही.

तर आजची नोंद. मनकर्णाचा आजार परत आला. दोन वर्षांपूर्वी अंडाशयाची गाठ काढली, केमो झाली, केस गेले, केस आले, आम्ही पेढे वाटले. आता पोटात पुन्हा दोन ठिकाणी आहे. डॉक्टर उन्मेष म्हणाले, नेहमीच्या औषधांचा आता उपयोग नाही, पण रामदासपेठेत आमच्या दवाखान्यात एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, तिच्यात बसतात का बघू.

ती सगळं ऐकून घरी आली आणि मेथी निवडायला बसली. मी म्हणालो, राहू दे. म्हणाली, "मेथीनं काय केलं?"

२० नोव्हेंबर

बसली चाचणीत. कारण मोठं विचित्र. तिच्या रक्तात एक जनुक बिघडलेलं निघालं आणि ते बिघडलेलं आहे म्हणूनच हे औषध लागू पडायची आशा. आयुष्यात पहिल्यांदा बिघाड निघाल्याचा आनंद झाला. मिनललाही तपासणी करून घ्यायला सांगितलं आहे. ती टाळते आहे.

चाचणीतल्या पेशंटांची देखरेख करायला अपेक्षा नावाची मुलगी आहे. उमरेडकडची, चुणचुणीत. औषध काय करतं ते तिने फाइलच्या दोरीवर समजावून दिलं. डीएनए म्हणजे लांबलचक धागा. त्यात काही ठिकाणी एकच अक्षर ओळीने येतं आणि तिथे धागा स्वतःवरच दुमडून चारपदरी घडी होते.

"काका, ही सुरगाठ समजा. पेशीले धाग्याची नक्कल काढाची असली का ओढते, सुटते. आपलं औषध म्हणजे चपटा रेणू. तो त्या घडीवर जाऊन बसते अन् तिची निरगाठ होते. मंग नक्कल काढता काढता धागा तुटते. चांगली पेशी तुटलेलं जोडून घेते. काकूंच्या रोगाच्या पेशीले जोडता येत नाही, तिचं दुरुस्तीचं जनुकच खराब आहे. ती मरते."

मनकर्णाने विचारलं, "अन् चांगल्या पेशीले काहीच नाही होत?"

"होते थोडंसं. म्हणून तर आम्ही लक्ष ठेवतो."

मला पटलं. पायजम्याच्या नाडीची निरगाठ बसली की कसा जीव जातो हे कोणत्याही पुरुषाला विचारा.

मग तिने एक कागद दिला. ताप आला तर काय, उलटी झाली तर काय. शेवटी सूर्याचं चित्र, त्यावर फुली. "काकूंले उन्हात नेऊ नका. औषध पिवळं आहे, उजेड पकडते. अंगभर कपडे, तोंडाले दुपट्टा." मी म्हणालो, "नोव्हेंबरमधी कुठलं वं आलं ऊन?" ती हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती गेली.

नागपूरच्या माणसाला ऊन शिकवतात. मे महिन्यात इथे डांबर चपलेला चिकटतं. ऊन काय चीज आहे ते आम्हाला माहीत आहे.

२६ नोव्हेंबर

पहिली सलाइन. पिवळंजर्द औषध. सिस्टरने बाटलीवर तपकिरी पिशवी चढवली, नळीलाही तसलाच कागद गुंडाळला. उजेडाने बिघडतं म्हणे. काम व्यवस्थित आहे त्यांचं. आमच्याकडेसुद्धा केबल असंच गुंडाळून ठेवत.

मनकर्णाला काही त्रास नाही. परत येताना ऑटोत झोप लागली तिला.

४ डिसेंबर

हिला थंडी वाजून राहिली आहे. दोन रजया घातल्या तरी पाय बर्फ. रक्त कमी आहे. आमचं गोधनी रोडचं घर बारा महिने गार, उन्हाळ्यात सुख आणि हिवाळ्यात शिक्षा.

आज मी ठरवलं. इतवारीतून एक चांगला थर्मामीटर आणला, गच्चीवर टाकीच्या पाइपला बांधला. कागदावर उन्हाला मनाई आहे हे मी विसरलो नाही. म्हणून नियम केला. पारा पंचविसाच्या वर गेला की खाली यायचं, एक मिनिट थांबायचं नाही. सकाळी पाहिलं तर एकवीस अंश. बॉयलरच्या वाफेचे पाचशे चाळीस अंश पाहिलेल्या माणसाने याला ऊन म्हणावं? हे कोवळं ऊन. बाळंतिणीला आणि लेकराला देतात ते.

खुर्ची वर नेली, हिला धरून नेलं. डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "बरं वाटून राहिलं." पायाला हात लावून पाहिला. कोमट होता.

९ डिसेंबर

भिवापूरहून हिच्या भावाचा मुलगा रोहित येऊन गेला. यंदाच्या मिरचीचं पोतं टाकून गेला. गच्चीवर चादर टाकून पसरली. सगळी गच्ची लाल दिसते आणि जिना चढतानाच शिंका येतात. ही खुर्चीवरून हुकूम सोडते, मी मिरची परततो. बॉयलर अटेंडंट चंद्रभान भिवापूरकरांचा गडी झाला.

आज म्हणाली, "आता झाका तिले. सुकली ते बरं, पन उघडी ठेवली तर उन्हानं रंग उडून जाते."

तिची जुनी जांभळी साडी आणली, मिरचीवर घातली, चार कोपऱ्यांना विटा ठेवल्या. मग दोघं बसलो. ती तिच्या आजीचं सांगत होती. ती म्हणे पोटाच्या दुखण्याने गेली, काय झालं होतं ते कुणाला कळलंच नाही. इतकी वर्षं झाली लग्नाला, हे मला माहीत नव्हतं. माहीत कसं असणार. ती जागी तेव्हा मी झोपलेला, मी घरी तेव्हा ती दळणाला. शिफ्ट ड्यूटीवाल्याचा संसार म्हणजे एका खोलीचे दोन भाडेकरू.

फोटो काढून मिनलला पाठवला. तिचं उत्तर आलं: "आईच्या गालावर लाली आली. मस्त दिसते." मलाही तेच वाटत होतं. रक्त वाढतंय.

१३ डिसेंबर

आज कुरकुर. म्हणाली, "डोळे चुरचुरतात. हातबी झोंबून राहिले. आज खालीच बसू ना."

मी थर्मामीटर दाखवला. एकोणीस. "मीटर पाह्य. पंख्याच्या हवेइतकंबी नाही गरम."

तिने मीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर कपाळावर ओढून बसली. माणसाला आपल्या भल्याचं कळत नाही ते असं. औषध उष्ण असणार, ते अंगातून बाहेर पडतंय, म्हणून झोंबतं. गुलकंद आणला. सब्जा भिजवला.

१७ डिसेंबर

दुसरी सलाइन. अपेक्षाने हिला पडद्याआड नेऊन तपासलं. बराच वेळ दोघींचं हळू आवाजात चाललं होतं. बाहेर आल्यावर अपेक्षाने मलाही विचारलं, "काका, उन्हात नाही ना जात?" मी सांगितलं, "बिलकूल नाही. मी स्वतः लक्ष ठेवून आहो." तिला बरं वाटलेलं दिसलं.

ऑटोत ही म्हणाली, "ती मले सावलीतच बस म्हणते."

"ते उन्हाळ्याचं सांगते. कागद सगळ्या वर्षासाठी छापतात."

"असंन," म्हणाली आणि बाहेर पाहत राहिली. व्हरायटी चौकात गर्दी होती.

२४ डिसेंबर

हिच्या हाताच्या पाठीवर फोड आले. विचारलं तर म्हणाली, फोडणीचं तेल उडालं. फोडणी हल्ली मीच देतो. मी भाजी आणायला गेलो तेव्हा काही तळलं असेल, स्वस्थ बसवतच नाही. रागावलो.

मलम लावताना एक गंमत दिसली. मनगट लालभडक, पण बांगड्यांच्या खाली गोरी गोरी पट्टी, जशीच्या तशी. बांगड्यांनी तेवढं तेल अडवलं म्हणायचं.

"अपेक्षाले सांगू?" मी म्हणालो.

"कायले? आधी सांगसान अन् मंग औषध बंद करतीन." यात तिचं बरोबर आहे. चाचणीवाल्यांना काय, साधी पुटकुळी आली तरी नोंद. औषध बंद झालं तर पुढे काही नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंय. तेव्हा मीही गप्प बसायचं ठरवलं. झाकली मूठ.

२८ डिसेंबर

कालपासून ढग, अवकाळी पाऊस. मिरची घाईघाईने गोळा केली. गच्ची बंद. ही मात्र दोन दिवस शांत झोपली, हातही बरे दिसतात. तेल उडालेलं असं लवकर बरं होतं.

मलाच करमत नाही. ढग गेले की पुन्हा सुरू.

७ जानेवारी २०२५

स्कॅन आला. दोन्ही गाठी लहान झाल्या आहेत, एक तर निम्म्याच्या खाली. डॉक्टर उन्मेष खुर्चीतून उठले आणि माझा हात हातात घेतला. "इतका चांगला परिणाम मी या चाचणीत अजून पाहिला नव्हता, चंद्रभानजी." हातच्या काकणाला आरसा कशाला, पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी होते.

मी तिथेच रडलो. मनकर्णा रडली नाही. शालीत हात घालून बसली होती, थंडी फार. गाल उलल्यासारखे दिसत होते, डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाली, "हिवानं फुटले." खाली जाऊन लगेच तिसरी सलाइन घेतली.

घरी येताना सीताबर्डीवर थांबून संत्राबर्फी घेतली. तिने एक तुकडा खाल्ला. म्हणाली, "मिनलच्या घरी जाऊन येऊ का उन्हाळ्यात?" उन्हाळ्यात काय करायचं ते ती दोन वर्षांत पहिल्यांदा बोलली.

१४ जानेवारी

संक्रांत. अख्खं नागपूर छतावर. सकाळपासून भोंगे आणि "ओ काट". हिला लहानपणापासून पतंगांचा नाद. भिवापूरला भावांच्या मांज्याची चकरी हीच धरायची. म्हणाली, खिडकीतून पाहते. खिडकीतून पतंग पाहायचा? मी वर नेलं. थर्मामीटर तेवीस, दुपारीसुद्धा पंचविसाच्या आत, वर गार वारा. नियमात बसत होतं, म्हणून दिवसभर बसलो. खाली जेवायलाही गेलो नाही, मी ताट वर आणलं.

पदर सारखा घसरत होता आणि ती आकाशाकडे तोंड करून पाहत होती. एक लाल पतंग कापला गेला, आमच्या टाकीवर येऊन अडकला. मी काढून दिला तर लेकरासारखी मांडीवर घेऊन बसली.

असा दिवस आमच्या संसारात झाला नव्हता. हे लिहून ठेवतो.

१७ जानेवारी

दवाखान्यात आहोत. परवा सकाळी हिचा चेहरा ओळखू येईना. डोळे सुजून मिटलेले, कपाळ, नाक, गाल, गळा, सगळीकडे फोड. हातांची साल निघत होती. ताप एकशे तीन. मी समजलो देवी आल्या.

अपेक्षाने शाल बाजूला केली आणि डॉक्टरांना बोलवायला धावली. डॉक्टर उन्मेष आले. पाहिलं. गळ्यावरच्या फोडांची रेघ जिथे ब्लाउज सुरू होतो तिथे सरळ थांबली होती. पट्टीने मारल्यासारखी.

"मनकर्णाबाई, तुम्ही उन्हात बसत होता?"

मी बोलणार तेवढ्यात तीच बोलली. ओठ सुजलेले, तरी. "हाव. मीच जात होती छतावर. हे नाही म्हणत होते, मी आयकलं नाही यांचं."

मी थक्क. खोटं बोलायची तिला सवय नाही. एकटी ती जिना चढूच शकत नाही. मी डॉक्टरांना तिथेच सांगणार होतो, पण तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तेवढेच उघडत होते, फटीएवढे.

बाहेर येऊन मी अपेक्षाला गाठलं. म्हणालो, तिचं मनावर घेऊ नको, तापात बोलून राहिली. ऊन लागण्याचा प्रश्नच नाही. माझ्यापाशी पुरावा आहे. पिशवीतून ही डायरी काढली आणि तिला पानं दाखवली. एकवीस. एकोणीस. तेवीस. पंचविसाच्या वर एकदासुद्धा नाही.

तिने पानं वाचली. उलटून मागची वाचली. मग बाकावर बसली.

"काका, गरमीनं नाही होत हे. उजेडानं होते. ते औषध कातडीत जाऊन बसते, उजेड पडला का पेटते. थंडीतलं ऊन असो का बर्फातलं. म्हणून तर सलाइनले पिशवी घालतो आम्ही."

मी म्हणालो, "पन एकवीस अंश."

"हाव काका," ती म्हणाली. ती रडत होती. "मी तुमाले नीट नाही सांगितलं. तुम्ही विचारलं होतं त्या दिवशी, कुठलं आलं ऊन म्हणून. मी हसली."

आमच्याकडे नवीन आलेल्या पोराला पहिला धडा हाच असायचा. दाबाचा काटा पाहत बसू नको, पाण्याची पातळी पाह्य. पाणी संपलं तरी काटा जागेवर राहतो आणि नळ्या जळून जातात. हा धडा मी स्वतः कित्येकांना दिला आहे.

१९ जानेवारी

आज ताप थोडा कमी. विचारलं.

"तुले कधी समजलं?"

"दुसऱ्या सलाइनच्या टायमाले. अपेक्षानं सांगितलं पडद्यामागं."

"मंग काहून बोलली नाही?"

"बोलली नाही का मी?"

खिडकीला जाड पडदा लावला आहे, आत दिवसाही अंधार. तीच म्हणाली, "ऑटोत बोलली. त्याच्या आधी छतावर बोलली. तुम्ही मीटर दाखवला."

"जोरानं बोलायचं होतं. भांडायचं होतं."

"भांडली असती," ती म्हणाली. "पन तुम्ही रोज खुर्ची घेऊन वर जात. माह्यापाशी बसत. मले वाटलं, थोडंसं झोंबते, सोसून घेऊ. एवढं होईन असं नाही वाटलं."

घरी येऊन १३ आणि १७ डिसेंबरची पानं काढली. दोन्ही ठिकाणी तिचं बोलणं मीच लिहून ठेवलं आहे, माझ्या हाताने, वळणदार अक्षरात. लिहिलं आणि वाचलं नाही.

मिरची झाकायला मला साडी सापडली. हातभर अंतरावर ती बसली होती.

२२ जानेवारी

डॉक्टर उन्मेषना खरं सांगितलं. मनकर्णा खोटं का बोलली तेही सांगितलं. अपेक्षाने लिहून घेतलं. तिलाही तिच्या वरच्यांना उत्तर द्यावं लागणार आहे.

१२ फेब्रुवारी

हातांच्या जखमांत पू झाला. तो आत्ता कुठे आटोक्यात येतोय. चाचणीचा नियम असा की एवढा मोठा भाजल्याचा प्रकार झाला तर औषध थांबवायचं, आणि ठरलेल्या मुदतीत जखमा भरल्या तरच पुन्हा द्यायचं. मुदत संपली. मनकर्णा चाचणीतून बाहेर.

मी म्हणालो, नियम माझ्यासाठी लावा, हिच्यासाठी नको. आम्ही खोली काळी करू, दारं खिळ्यांनी ठोकू. डॉक्टर उन्मेष म्हणाले, "माझ्या हातात असतं तर मी आज दिलं असतं. औषध लागू पडत होतं, चंद्रभानजी." हे शेवटचं वाक्य त्यांनी सांत्वनासाठी म्हटलं असावं.

१ मार्च

स्कॅन. दोन्ही गाठी पुन्हा पहिल्याएवढ्या, तिसरी नवी. पोटात पाणी झालं आहे. निरगाठी सुटल्या असणार सगळ्या.

मिनल आली आहे. तिने शेवटी तपासणी केली. तिच्यातही तेच जनुक. मला सांगताना चहा गाळत होती. "आत्ता काही झालेलं नाही बाबा, फक्त लक्ष ठेवायचं. अन् लागलंच कधी तर तोपर्यंत ते औषध बाजारात आलेलं असंन." मी म्हणालो, हो. फोटोतल्या लालीबद्दल ती काही बोलत नाही, मीही नाही.

अपेक्षा घरी येऊन गेली. पेशंटांना द्यायचा कागद बदलला आहे, तो दाखवायला आणला होता. सूर्याच्या चित्राखाली आता ठळक अक्षरांत लिहिलं आहे: "थंडीतले, सकाळचे, कोवळे ऊनसुद्धा चालणार नाही. तापमान कितीही कमी असो." अपेक्षा म्हणाली, "काका, हे तुमच्यामुळं लिहिलं." ती चांगल्या मनाने म्हणाली. मी कागद घडी घालून मिनलला दिला. तिने पर्समध्ये ठेवला.

९ मार्च

चार दिवसांत हिने अन्न घेतलेलं नाही. पाणी चमच्याने. आज सकाळी मला हाक मारली.

"ते औषध आता आंगात आहे का?"

मी अपेक्षाला फोन केला. ती म्हणाली, नाही काका, कधीच निघून गेलं, आता उन्हाने काही व्हायचं नाही.

"मंग चला," मनकर्णा म्हणाली. "मले वर न्या."

मी जागेवरून हललो नाही. पूर्वी ती नको म्हणायची आणि मी न्यायचो. आता ती चला म्हणत होती आणि माझे पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढेनात. मिनलने खुर्ची नेली. मग दोघांनी मिळून तिला उचललं. काही वजनच नाही.

वर ऊन होतं. मी धावत खाली आलो, हाताला लागली ती साडी घेतली, जाऊन तिच्या डोक्यावरून चेहऱ्यावर घातली. ती जांभळी होती. अजून ठसका होता तिच्यात. ही शिंकली, एकदा, दोनदा, आणि हाताने साडी ओढून काढली. हातांची कातडी नवी आहे, गुलाबी, पातळ.

"मी काय मिरची आहो?"

मिनल हसली. मग तोंड फिरवून कठड्यापाशी जाऊन उभी राहिली.

मी खाली फरशीवर बसलो, तिच्या पायांशी. तिने डोळे मिटले होते, तोंड वर केलेलं होतं. टाकीवर संक्रांतीच्या मांज्याचा एक तुकडा अजून लटकत होता. मला वाटलं तिला झोप लागली.

"किती आहे आज?" तिने विचारलं.

थर्मामीटर माझ्या डोक्याच्या मागेच होता. मान वळवली असती तर दिसला असता.

"नाही पाह्यलं," मी म्हणालो.

"बरं केलं," ती म्हणाली. आणि तिचा पाय माझ्या हाताकडे सरकवला. मी धरून बसलो. कोमट व्हायला फार वेळ लागला.